दवाखान्याच्या दारात कोण उभे आहे?

या आरोग्य पानावर आम्ही रक्तक्षयावर लिहिले, सिकलसेलवर लिहिले, क्षयावर लिहिले. आजचा विषय आपल्या घरांत कुजबुजत बोलला जातो, म्हणून तो उघडपणे मांडत आहोत.

गेल्या पावसाळ्यात जळगाव शहरातल्या एका वस्तीत बैठक संपली आणि एक बाई मागे थांबली. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "सिष्टर, माझ्यासोबत जे झालं ते दुसरीसोबत होऊ नये म्हणून सांगते." तिला दोन मुले, धाकटे आठ महिन्यांचे. नवरा हमाली करतो. पाळी चुकली, तपासले तर दिवस राहिलेले. तिसरे मूल तिलाही नको होते आणि नवऱ्यालाही. ती एका दवाखान्यात गेली. तिथे सांगितले, "आता बंदी आहे, आम्ही करत नाही." औषधाच्या दुकानात सांगितले, "ती गोळी आम्ही ठेवतच नाही, लफडं नको." तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, "नवऱ्याची सही आण, सासूला घेऊन ये, आणि नसबंदी करणार असशील तरच बघू." तीन आठवडे असेच गेले. शेवटी ओळखीतल्या एकीने कुठून तरी गोळ्या आणून दिल्या. सहा दिवस अंगावरून जात होते आणि तिने कोणाला सांगितले नाही. सातव्या दिवशी नळावर चक्कर येऊन पडली, तेव्हा शेजारणींनी १०८ ला फोन केला. रक्त चढवावे लागले. ती वाचली.

तिने जे मागितले होते ते या देशात १९७२ पासून कायदेशीर आहे. तरी तीन दारांतून तिला परत पाठवले. त्या दारांत फलक घेऊन कोणी उभे नव्हते, घोषणा नव्हत्या. पण अडवणूक झालीच.

जिथे अडवणूक उघड होते

काही देशांत ही अडवणूक रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते. अमेरिकेत १९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला. त्यानंतर विरोधक दवाखान्यांसमोर जमू लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'ऑपरेशन रेस्क्यू' नावाच्या संघटनेची माणसे दवाखान्याच्या दारात आडवी बसत आणि बायकांना आत जाऊ देत नसत. येणाऱ्या बाईला तोंडावर खुनी म्हणत. १९९३ मध्ये फ्लोरिडात डॉ. डेव्हिड गन यांना दवाखान्याबाहेर गोळ्या घालून मारले. २००९ मध्ये कॅन्सस राज्यात डॉ. जॉर्ज टिलर यांना चर्चमध्ये मारले.

पण त्याच दारात दुसरी माणसेही उभी राहिली. विद्यार्थी, निवृत्त शिक्षिका, नर्सेस, शेजारी. ठळक रंगाची जाकिटे घालून ती गाडीपासून दारापर्यंत बाईच्या बाजूने चालत. विरोधकांशी वाद घालायचा नाही, बाईला सल्ला द्यायचा नाही, फक्त सोबत चालायचे, एवढेच त्यांचे काम. १९९४ मध्ये दवाखान्याचे दार अडवणे हा केंद्रीय गुन्हा ठरवणारा कायदा तिथे झाला. पण जून २०२२ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा निकाल रद्द केला आणि अनेक राज्यांत दवाखाने बंद झाले. जानेवारी २०२५ मध्ये दार अडवण्याबद्दल शिक्षा झालेल्या २३ जणांना राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी माफी दिली. मिळालेला हक्क राखला नाही तर तो जातो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

दुसरे उदाहरण आपल्या सीमाभागातल्या लेकीचे आहे. सविता हलप्पनवार मूळची बेळगावची, शिकून दंतवैद्य झालेली, नवऱ्यासोबत आयर्लंडमध्ये राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ आपोआप पडू लागला. तो वाचणार नव्हता. तिने गर्भपात करून द्या असे सांगितले. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला. तिच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. वय ३१. तिच्या दारात जमाव नव्हता, तिथे कायदाच आडवा आला. तिचा फोटो हातात घेऊन आयर्लंडच्या बाया रस्त्यावर उतरल्या आणि २५ मे २०१८ च्या जनमतात ६६ टक्के लोकांनी तो कायदा बदलायला कौल दिला. पुढे तिथेही रुग्णालयांसमोर विरोधक जमू लागले, तेव्हा ऑक्टोबर २०२४ पासून दवाखान्यापासून १०० मीटरच्या आत बायकांना अडवण्यास व त्यांच्यावर दबाव आणण्यास मनाई करणारा कायदा लागू झाला.

आपल्याकडे अडवणूक कशी झाली

आपल्याकडे कायदा आधीच बाजूने आहे. वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. असुरक्षित गर्भपातात बाया मरत होत्या, ते थांबावे हा हेतू होता. मग दार बंद कसे झाले?

याचे एक मोठे कारण खान्देशात आपल्या डोळ्यांसमोर आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे फक्त ८४२ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी तो आकडा ८८० होता. राज्याचा आकडा ८९४. म्हणजे सोनोग्राफीत मुलगी दिसली की तिला जन्मू न देण्याचा धंदा इथे जोरात होता. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीचे प्रकरण उघडकीला आले, २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळचे. या धंद्याविरुद्ध लढणारे आपणच होतो. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, तो स्त्री चळवळीच्या रेट्यामुळे. १९९४ चा केंद्रीय कायदा त्यानंतर आला. ती लढाई आजही आमची आहे.

पण प्रत्येक प्रकरणानंतर धाडी पडल्या आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली. गुन्हा आहे तो गर्भाचे लिंग तपासणे आणि मुलगी आहे म्हणून तो पाडणे. भिंतीवर, रिक्षावर, फ्लेक्सवर मात्र लिहिले गेले, 'गर्भपात हे पाप आहे', 'भ्रूणहत्या थांबवा'. वाचणाऱ्याला वाटले, गर्भपातच बेकायदा झाला. तपासणीच्या त्रासाला कंटाळून दुकानदारांनी गोळ्या ठेवणे सोडले. नोंदणी असलेले काही डॉक्टरही 'नको ती कटकट' म्हणून नाही म्हणू लागले.

पैसेवाल्या घरची बाई ओळखीने, गाडी करून नाशिकला किंवा मुंबईला जाऊन येते. वस्तीतल्या बाईचा एका दिवसाचा रोज बुडतो. म्हणून बंद दाराचा मार तिलाच बसतो. २०१५ या वर्षाच्या भारतातल्या गर्भपातांचा अभ्यास 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला होता. त्याच्या अंदाजानुसार त्या एका वर्षात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. दार बंद केल्याने गर्भपात थांबत नाही, तो फक्त अंधारात होतो.

दारात काय सांगतात आणि खरे काय आहे

*"गर्भपाताला बंदी आहे."* बंदी नाही. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने करता येतो. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते आणि तो काही परिस्थितींतच होतो: बलात्कार किंवा घरातल्यांकडून झालेला अत्याचार, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणात वैधव्य किंवा घटस्फोट, अपंगत्व, मानसिक आजार, गर्भात गंभीर व्यंग, आपत्तीची परिस्थिती. २४ आठवड्यांनंतर गर्भात मोठे व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवते. बाईचा जीव तातडीने वाचवायचा असेल तर आठवड्यांची अट नाही. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात.

*"कारण काय?"* बाईच्या शरीराला किंवा मनाला इजा होण्याची शक्यता, हे कारण कायद्यात आहे. गर्भनिरोधक साधन निकामी ठरले, हेही कारण धरले जाते. अर्थात शेवटचे मत कायद्याने डॉक्टरच्या हाती ठेवले आहे. ही या कायद्याची मर्यादा आहे आणि ती बदलायला हवी, असे आम्हाला वाटते.

*"नवऱ्याची सही लागेल."* लागत नाही. १८ वर्षे पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. १८ खालची मुलगी किंवा मानसिक आजार असलेली बाई असेल तरच पालकाची लागते. इथे एक कबुली द्यायला हवी. आम्ही वॉर्डात नोकरीला होतो तेव्हा आम्हीही बायांना "मिस्टरांना घेऊन या" असे सांगून परत पाठवले आहे. वरच्यांनी तसे शिकवले होते, आम्ही कायदा उघडून पाहिला नव्हता. परत गेलेल्यांतल्या किती जणी पुन्हा आल्या नाहीत, याचा हिशेब आमच्याकडे नाही.

*"लग्न झालंय का?"* २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अविवाहित बाईलाही २४ आठवड्यांपर्यंत विवाहितेइतकाच हक्क आहे. याच निकालात, गर्भपाताच्या नियमांपुरता नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीचा समावेशही बलात्कारात धरला आहे.

*"आधी पोलिसात जा."* सज्ञान बाईला पोलिसांत जावे लागत नाही. मुलगी १८ खालची असेल तर पॉक्सो कायद्याने डॉक्टरला कळवणे भाग आहे. पण मुलगी आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे त्याच निकालात म्हटले आहे. आपल्या भागात बालविवाह अजून होतात. भीतीपोटी अशा मुलींना भोंदूकडे नेऊ नका.

*"नसबंदी केली तरच."* अशी अट कायद्यात नाही. नसबंदी, तांबी, गोळ्या यांतले काय घ्यायचे ते बाईने नंतर, समजून घेऊन ठरवायचे.

*"वस्तीत सगळ्यांना कळेल."* गर्भपात करून घेणाऱ्या बाईचे नाव डॉक्टरने बाहेर सांगितले तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने झाली आहे.

शिलाचा प्रश्न

एका विहारात आजींनी आम्हाला विचारले, "पोरी, आपण रोज पाणातिपाता म्हणतो. मग हे कसं?" प्रश्न प्रामाणिक आहे, टाळायचा नाही. भिक्खूंच्या विनयात गर्भपाताला मदत करण्याची मनाई आहे, हे आम्ही लपवत नाही. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेबद्दल एक भेद सांगितला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. मारण्याची इच्छा वेगळी आणि गरज वेगळी. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करायला मोकळे ठेवते. गर्भपाताबद्दल बाबासाहेबांनी तिथे लिहिलेले नाही, हा अर्थ आम्ही लावतो. आठ महिन्यांचे मूल अंगावर पिते आहे, रक्त आठवर आहे आणि पोटात तिसरे आहे, अशा बाईकडे करुणेने पाहणे हेही शीलच आहे. जिला स्वतःला गर्भपात नको आहे तिला कोणी करायला लावू नये, हेही तितकेच खरे. सासरच्यांनी मुलीचा गर्भ म्हणून जबरदस्तीने पाडला तर तो गुन्हा आहे. दोन्हीकडे प्रश्न एकच, ठरवणार कोण? ती बाई.

आणि याबाबतीत बाबासाहेब कुठे उभे होते, ते आपल्याला माहीत हवे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखे केले. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण कोणी जवळ यायला तयार नसलेल्या माणसाच्या बाजूला ते उभे राहिले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यांनी वाचलेले भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. मूल होऊ द्यायचे की नाही हे पूर्णपणे बाईच्या निवडीवर असावे, असा त्याचा आशय होता. तो ठराव संततिनियमनाचा होता, गर्भपाताचा नव्हे, आणि तो फेटाळला गेला. पण निवड बाईची, हा विचार त्या दिवशी सभागृहाच्या नोंदीत गेला. बाबासाहेब धुळ्याला आले होते ते त्याच्या आदल्याच वर्षी. दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण जमतो, तेव्हा पुढच्या पिढीला हेही सांगू या.

आपण दारात कसे उभे राहायचे?

अमेरिकेतल्या त्या जाकीटवाल्यांसारखे काम आपल्याला जमण्यासारखे आहे. प्रत्येक वस्तीत दोन-तीन जणींनी 'सोबतीण' व्हायचे. महिला मंडळातल्या असोत की आशाताई, तोंड बंद ठेवणाऱ्या हव्यात. बाईने काय करावे हे सांगायचे नाही. तिने ठरवले की सोबत जायचे.

१. पाळी चुकल्यावर आठवडाभरात लघवीची तपासणी करा. जितके लवकर, तितके सोपे आणि सुरक्षित. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होते, बारा आठवड्यांपर्यंत पिशवी साफ करण्याची साधी पद्धत आहे.

२. सरकारी रुग्णालयात जा. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, धुळ्याचे भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाचे रुग्णालय आणि चोपडा, शिरपूर, दोंडाईचा अशी उपजिल्हा रुग्णालये आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाला ही सवलत लागू नाही, तिथे शुल्क विचारून घ्या. खासगीत गेलात तर गर्भपात केंद्राच्या मान्यतेचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे का ते पाहा.

३. नकार दिला तर शांतपणे म्हणा, "कारण लिहून द्या." पुष्कळदा एवढ्यानेच दार उघडते. नाही उघडले तर वैद्यकीय अधीक्षक, मग जिल्हा शल्यचिकित्सक. १०४ वर तक्रार करा. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००.

४. डॉक्टरने न तपासता गोळ्या घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर गोळीने पडत नाही, नळी फुटून जीव जातो. रक्तगट निगेटिव्ह असेल तर वेगळी काळजी लागते का ते डॉक्टर बघतात.

५. कोणी कुठूनही गोळी घेतली असली, तरी ही लक्षणे दिसली तर थांबू नका, १०८ बोलवा: सलग दोन तास दर तासाला दोन पॅड भिजणे, चक्कर किंवा घेरी, पोटात असह्य दुखणे, ताप चढून न उतरणे, घाण वास येणारा स्राव. गोळी घेऊनही रक्तस्राव झालाच नाही, तरी लगेच दाखवा. डॉक्टरला काय घेतले ते खरे सांगा. जीव वाचवण्यासाठी ते कळायला हवे.

६. गर्भलिंग तपासून देतो असे कोणी सांगितले तर त्याला साथ देऊ नका, तक्रार करा. ते दार बंदच राहिले पाहिजे.

आता विहाराच्या भिंतीवर मजकूर रंगवताना एक काळजी घेऊ या. 'गर्भपात पाप आहे' असे लिहायचे नाही. 'गर्भलिंग तपासणी गुन्हा आहे' असे लिहायचे. दोन शब्दांचा फरक आहे, पण त्या फरकावर एखादीचा जीव अवलंबून असतो.

सुरुवातीला सांगितलेली ती बाई आता तिच्या वस्तीतली पहिली सोबतीण आहे. मागच्या महिन्यात ती एका शेजारणीसोबत सरकारी रुग्णालयात गेली. तिथेही "मिस्टर कुठे आहेत?" असे विचारले गेले. ती म्हणाली, "सही तिची लागते, कायदा वाचलाय आम्ही." शेजारणीला आत घेतले आणि दुपारी त्या दोघी रिक्षाने घरी आल्या.

जयभीम.